१५००, २१००, ३०००: भांडणारे पक्ष शेवटी सारखेच का दिसू लागतात?

पायवाट

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे दोन्ही बाजूंचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचतेय. महायुती म्हणते, लाडकी बहीण योजनेत महिलांना महिन्याला १५०० आहेत ते २१०० करू. महाविकास आघाडी म्हणते, महालक्ष्मी योजनेत ३००० देऊ. शेतकरी कर्जमाफी दोघांकडे आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून सुरूच होतं, आघाडीनं प्रवास पूर्ण मोफत करू म्हटलं. वरची नावं झाकली तर कुठलं पान कुणाचं हे सांगता येत नाही.

झारखंडचं बघितलं तर आणखी गोंधळ होतो. तिथे भाजप विरोधात होता. झारखंड मुक्ती मोर्चा (झामुमो)-काँग्रेस सरकारनं मंईयां सन्मान योजनेत १००० द्यायला सुरुवात केली, भाजपनं 'गोगो दीदी' नावानं २१०० कबूल केले, तर सरकारनं आकडा २५०० वर नेला. भूमिका उलट, भाषा तीच. दोन्ही राज्यांचा निकाल २३ नोव्हेंबरलाच लागला आणि दोन्हीकडे सत्तेत असलेलेच परत आले.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे विचारसरणी आटल्यामुळे होतं, की निवडणुकीची रचनाच पक्षांना तिकडे ढकलते? सगळीकडे असंच होतं का? आणि दोन पक्ष किती सारखे झालेत हे मोजायची काही धड पद्धत आहे का? 'सगळे एकाच माळेचे मणी' हे उत्तर नको आहे, त्यानं काहीच कळत नाही.

---

ताळेबंद

पैशाच्या बाजूनं सुरुवात करतो, कारण तिथे यंत्रणा उघडी दिसते.

लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ ला लागला. राज्यातल्या ४८ पैकी आघाडी ३०, महायुती १७, अपक्ष १. त्यानंतर २४ दिवसांनी, २८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, तरतूद ४६,००० कोटी. महिना १५०० म्हणजे वर्षाला एका महिलेमागे १८,०००. भागाकार केला की अडीच कोटींच्या थोडं वर लाभार्थी निघतात. आता याच अडीच कोटींना २१०० द्यायचे तर ६३,००० कोटी लागतात, ३००० द्यायचे तर ९०,००० कोटी. दोन जाहीरनाम्यांमधला खरा फरक एवढाच आहे: वर्षाला २७,००० कोटी. तत्त्वाचा फरक त्यात शोधू नका.

तत्त्व राहतं पात्रतेच्या अटींमध्ये. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, कशाच्या आधारावर, हा प्रश्न विचारसरणीचा. आणि नेमक्या त्याच अटी आधी गळतात. या योजनेत सुरुवातीला वयाची मर्यादा ६० होती, पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब बाद होतं, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचा दाखला हवा होता, अधिवासाचा दाखला हवा होता. सेतू केंद्रांवर आणि तहसील कचेऱ्यांबाहेर रांगा लागल्या आणि आठवड्याभरात वय ६५ झालं, शेतीची अट गेली, पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालू लागलं. अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविकेला प्रत्येक अर्जामागे ५० रुपये ठरले. रांगेत ताटकळलेली बाई चिडून मतदानाला जाणं कुठल्याच सरकारला परवडत नाही. त्यामुळे कुठल्याही पक्षानं योजना आणली तरी निवडणुकीच्या वर्षात ती 'जवळजवळ सगळ्यांना'कडे सरकते. अटी परत आठवतात त्या निकालानंतर. २०२५ मध्ये छाननी आणि ई-केवायसी सुरू झालं, २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटींवर आली. १५०० च्या दरानं हे दोन कोटी महिलांचे पैसे होतात.

आता विरोधकाच्या जागी उभे राहून बघा. अशी योजना समोर आली की तीनच वाटा असतात. विरोध करायचा, तर दोन-अडीच कोटी मतदार अंगावर घ्यायचे. गप्प बसायचं, तर श्रेय पूर्ण समोरच्याला जातं. नाहीतर बोली वाढवायची. तिसरी वाट सगळे घेतात, मग आधी काय बोलले होते याला महत्त्व राहत नाही. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी' संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, जाहीर टीका केली. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं लाडली बहना आणली: जूनमध्ये १००० चा पहिला हप्ता, निवडणुकीआधी १२५०. काँग्रेसचे कमलनाथ १५०० देऊ म्हणत होते. निकाल: भाजप २३० पैकी १६३.

बोली वाढवूनही विरोधक का हरतो? खात्यात आलेला पैसा आणि शब्दातला पैसा यांचं वजन सारखं नसतं. राज्यात मतदानाआधी जुलै ते नोव्हेंबर असे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये जमा झाले होते. समोर ३००० चं आश्वासन होतं. हातातले ७,५०० जास्त खरे वाटले, यात नवल नाही.

हे आजचं नाही. २००४ मध्ये शेतकऱ्यांना मोफत वीज देण्याची भाषा शिवसेनेनं लावली, निवडणुकीआधी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारनं ती देऊन टाकली आणि जिंकून आल्यावर २००५ मध्ये काढून घेतली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना महायुतीनं ती पुन्हा दिली.

शेवटचा मुद्दा, तिजोरी एकच असल्याचा. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हे कुणीही आलं तरी द्यावंच लागतं. तुटीला राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास मर्यादा आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात राहिलं काय: पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. 'आम्ही कर वेगळ्या पद्धतीनं लावू' असं म्हणायला जागाच उरलेली नाही. करात वेगळेपण दाखवता येत नाही म्हटल्यावर सगळी स्पर्धा वाटपात जाते.

---

उंबरठा

ताळेबंद यांच्याशी बहुतांश सहमत. पण 'सगळीकडे असंच होतं का' याचं उत्तर 'नाही' आहे, आणि का नाही हे समजलं तर का होतं तेही समजतं.

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये दुकानांचं उदाहरण देऊन हा विचार मांडला, अँथनी डाउन्सनं १९५७ मध्ये तो पक्षांना लावला. एक सरळ आळी घ्या, १०० घरं. किराणा दुकान 'अ' २५ व्या घराशी, 'ब' ७५ व्या घराशी. लोक जवळच्या दुकानात जातात, दोघांना पन्नास-पन्नास गिऱ्हाईकं. आता 'अ' उठून ६० व्या घराशी आला. दोघांच्या मधली सीमा साडेसदुसष्टवर गेली, 'अ' कडे ६७ घरं, 'ब' कडे ३३. 'ब' गप्प बसणार नाही, तो ५९ वर येऊन बसेल आणि १ ते ५९ सगळी घरं घेईल. असं सरकत सरकत दोघं पन्नासाव्या घराशी भिंतीला भिंत लावून उभे राहतात. कुणीही लबाडी केलेली नाही. पहिल्या घरातल्या माणसाला मात्र आता दोन्ही दुकानं तितकीच लांब.

हे घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: दुकानं दोनच हवीत, आळी एकच हवी, आणि टोकाच्या घरातली माणसं लांब पडलं तरी खरेदीला येत राहिली पाहिजेत. यातली एक जरी मोडली की गणित बदलतं.

दुकानं तीन झाली तर मधलं दुकान दोन्हीकडून चेपलं जातं आणि बाहेर उडी मारतं, म्हणून एका जागी कुणी टिकत नाही. राज्यात २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले: भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. चौरंगी लढतीत मतदारसंघ तीस-पस्तीस टक्क्यांवर निघतो, तेवढी आपली हक्काची मतं घट्ट धरली तरी पुरतं. २०२४ ला सहा पक्षांच्या दोन आघाड्या झाल्या. आता जिंकायला पंचेचाळीस-पन्नास टक्के हवेत. ती मतं आपल्या घराबाहेरची असतात, म्हणून दोन्ही आघाड्या कुंपणावरच्या त्याच मतदाराशी त्याच शब्दांत बोलू लागल्या. माझ्या मते राज्यातल्या जाहीरनाम्यांचं साम्य विचारसरणी आटण्यापेक्षा या दुरंगीपणातून जास्त आलंय.

टोकाची घरं रुसली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिका. १९५० मध्ये तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीनं तक्रार केली होती की दोन्ही पक्ष इतके सारखे आहेत की मतदाराला निवडच राहत नाही. आज तिथे उलटी तक्रार आहे. उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मोजकी आणि कट्टर माणसं मत देतात, अनेक मतदारसंघ एका पक्षासाठी आधीच सुरक्षित असतात. तिथे मधल्या मतदारापेक्षा स्वतःच्या टोकाची भीती मोठी. आपल्याकडे तिकीट वरून ठरतं, त्यामुळे हा दाब नाही.

ताळेबंद, तुमच्या मांडणीत मला एक जोड द्यावीशी वाटते. तिजोरीबरोबर करारही सरकारला बांधतात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प घ्या. १९९५ च्या प्रचारात शिवसेना-भाजप युतीनं हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हटलं होतं. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारनं करार रद्दही केला. कंपनी लंडनला लवादात गेली, भरपाईची टांगती तलवार आली, आणि जानेवारी १९९६ पर्यंत फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प सुधारित अटींवर मान्य झाला. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनं केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी हमी, दिली. आणि वीजखरेदी करार अखेर मोडला तो २००१ मध्ये, काँग्रेस आघाडीच्या सरकारच्या काळात, म्हणजे १९९३ ला करार करणाऱ्या पक्षाच्याच राज्यात. विरोधात असताना बोलायला काही लागत नाही, खुर्चीत बसल्यावर आधीच्याची सही आपली होते.

---

मांडवीकाठ

धोरणं सारखी होतात त्याचं एक कारण तुम्हा दोघांच्याही उत्तरात आलं नाही: माणसंच तीच असतात. गोव्यात हे जवळून दिसतं.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केलं तर अपात्रता लागत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०, आणि बरोबर १० जण भाजपात गेले. त्यातले चंद्रकांत कवळेकर विरोधी पक्षनेते होते, ते उपमुख्यमंत्री झाले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ दिली. निवडून आले ११. अकराचे दोन तृतीयांश ७.३३, म्हणजे लागतात ८. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ गेले. मायकल लोबो तर जानेवारीपर्यंत भाजप सरकारात मंत्री, मग काँग्रेसकडून विरोधी पक्षनेते, सप्टेंबरात पुन्हा भाजपात.

कायदा इथे नकळत काय करतो बघा. एकट्यादुकट्याला पक्ष सोडणं महाग आणि गठ्ठ्यानं जाणं फुकट. १९८५ च्या मूळ तरतुदीत एक तृतीयांशाची फूट चालत होती, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती काढली. त्यामुळे गठ्ठा मोठा झाला, आणि गठ्ठा आला की तो ज्या पक्षात येतो त्याच्या विधिमंडळ गटाचा मोठा भागच बदलतो. हे आमदार आपल्या मतदारसंघाची जुनी कामं, जुने कार्यकर्ते, जुने कंत्राटदार घेऊन येतात. नव्या पक्षाचं धोरण त्यांना वाचायला लागत नाही. त्यांच्या फायली चालू ठेवायच्या असतात.

योजनांचंही तेच. गृह आधार २०१२ मध्ये पर्रीकर सरकारनं आणली, गृहिणींना महिन्याला ठरावीक रक्कम. २०२२ च्या निवडणुकीत 'आप' तिचे १५०० चे २५०० करू म्हणत होता आणि तृणमूल गृहलक्ष्मी नावानं ५००० देऊ म्हणत होता. योजना बंद करू असं एकानंही म्हटलं नाही.

आणि पक्षांच्या पैशाचा विषय निघतो तेव्हा तर भांडणच थांबतं. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परदेशी देणगी कायद्याचा भंग केल्याचं म्हटलं. २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी स्रोत'ची व्याख्या २०१० पासून मागे जाऊन बदलली, २०१८ च्या वित्त कायद्यात ती थेट १९७६ पर्यंत मागे नेली, म्हणजे दोघांचाही भंग मागे जाऊन पुसला. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं, सहापैकी एकानंही तो आदेश पाळला नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सहा पक्ष होते ते.

---

पायवाट

तिघांचेही आभार, बरंच मोकळं झालं. एक शंका राहते. पैशात फरक उरला नाही तर अस्मितेच्या प्रश्नांत तरी फरक टिकतो ना? तिथे तर आवाज वाढलेलाच दिसतो.

---

उंबरठा

आवाज वाढतो, कारण वेगळेपण दाखवायला तेवढीच जागा उरते. पण जिथे निर्णयाला पैसा लागत नाही आणि विरोध करणं महाग पडतं तिथे हेही सारखं होतं. २९ जून २०२२ ला, पायउतार होण्याच्या दिवशी, ठाकरे मंत्रिमंडळानं औरंगाबादचं 'संभाजीनगर' आणि उस्मानाबादचं 'धाराशिव' केलं. त्या मंत्रिमंडळात काँग्रेस आणि राष्ट्रवादी होती. सतरा दिवसांनी शिंदे सरकारनं तोच निर्णय 'छत्रपती' हा शब्द जोडून पुन्हा घेतला. मराठा आरक्षण: २०१४ ला काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारचे १६ टक्के, २०१८ ला भाजप-शिवसेना युती सरकारचे १६ टक्के, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, २० फेब्रुवारी २०२४ ला १० टक्क्यांचं विधेयक एकमतानं मंजूर. विरोधात हात वर करणारा पक्ष सभागृहात नव्हता.

फरक टिकतो तो विश्वासाचा. जागा बदलता येते, ओळख तितक्या लवकर बदलत नाही. दुसऱ्याच्या जागेवर उशिरा पोचलेल्याला श्रेय मिळत नाही आणि स्वतःचं जुनं गिऱ्हाईक दुखावतं. म्हणून प्रत्येक पक्षाला सरकण्याची एक हद्द असते, आणि ती हद्द कुठे आहे हेच त्या पक्षाचं खरं वेगळेपण.

---

सातबारा

मोजण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बर्लिनला जाहीरनाम्यांवर एक जुना आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालतो. तिथे जाहीरनाम्याचं प्रत्येक वाक्य तोडून ५६ प्रकारांपैकी एकात टाकतात आणि १३ उजव्या प्रकारांच्या वाट्यातून १३ डाव्या प्रकारांचा वाटा वजा करून एक आकडा काढतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावू नका. आपले पक्ष डाव्या-उजव्या रेषेवर नीट बसत नाहीत, आणि जात, प्रदेश, भाषा यांना त्या ५६ खणांत पुरेशी जागा नाही.

त्याऐवजी चार थर वेगळे ठेवा.

पहिला, जाहीरनामा. एक आश्वासन एक ओळ, आणि पुढे रकाने: रक्कम, पात्रता, मुदत, पैसा कुठून. योजनेच्या नावावरून वर्गवारी केली की चूक ठरलेलीच. नाव वेगळं असून पात्रता तीच असेल तर ती एकच योजना आहे. 'पैसा कुठून' हा रकाना दोन्हीकडे रिकामा राहील, पण तो ठेवा. कोण निदान प्रयत्न करतं ते तिथेच दिसतं.

दुसरा, अर्थसंकल्प. महिलांच्या आणि निराधारांच्या योजना '२२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण' या मुख्य लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) शोधायला सुरुवात करा. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा हे तीन आकडे कधीही एकमेकांत मिसळू नका. मार्चमधली तरतूद ही घोषणा असते, डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांमध्ये खरा कल दिसतो. सरकार बदललं त्या वर्षाच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं घ्या, एकाच वर्षावरून काही ठरवू नका. रकमा एकूण खर्चाच्या टक्क्यांत मांडा, नाहीतर महागाईमुळे सगळीच सरकारं उदार दिसतात.

तिसरा, सभागृह. कुठली विधेयकं एकमतानं, कुठली गोंधळात चर्चेविना, कुठली मतविभागणीनं मंजूर झाली, याची नोंद ठेवा. मतविभागणी मागितली गेली ती विधेयकं कमी असतील, पण खरा मतभेद तेवढाच आहे.

चौथा, मांडवीकाठ यांनी सांगितलेली माणसं. उमेदवाराचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र मिळतं, त्यात मालमत्ता आणि गुन्हे असतात. आधीचा पक्ष मात्र त्यात नसतो. तो मागच्या दोन निवडणुकांच्या मतदारसंघनिहाय निकालांतून नाव जुळवून काढावा लागतो. एका नावाची दोन माणसं एकाच मतदारसंघात उभी करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तेव्हा वय आणि वडिलांचं नाव ताडून घ्या.

चारही थरांत साम्य वाढलेलं दिसलं तरच पक्ष सारखे झालेत म्हणा. बरेचदा पहिला आणि चौथा थर सारखा होतो, दुसऱ्यात मात्र फरक राहतो: आश्वासनं तीच, पण तंगी आल्यावर कात्री आधी कुठे लागते हे पक्षागणिक बदलतं. म्हणून वेळ कमी असेल तर दुसराच थर करा. प्रत्यक्ष रकमा दोन वर्षं उशिरानं छापल्या जातात. २०२४-२५ च्या निवडणूक वर्षात या योजनांवर खरोखर किती गेले तो आकडा २०२६-२७ च्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पहिल्या रकान्यात बघा, आणि त्याच ओळीत पुढे सरकून नंतरच्या वर्षांचे अंदाज वाचा.